'बापावर गेली' म्हणतात, तिला मी काय सांगू?

आदरणीय मॅडम,

इतवारीत आमचं किराणा-धान्याचं दुकान आहे, वर घर. माझं वय 44. मुलगी 14 वर्षांची, नववीत आहे. उंची 154 सेंटिमीटर, वजन 68 किलो. मुलगा दहा वर्षांचा, अगदी काडी. दोघंही एकाच घरचं खाऊन वाढलेली. बायको बारीक, तिच्या माहेरी सगळे बारीक. मी मात्र लहानपणापासून जाड. शाळेत मला ढब्बू म्हणत. वडील पहाटे मैदानावर नेऊन चकरा मारायला लावायचे आणि थांबलो की सगळ्यांसमोर ओरडायचे. माझी आई, आत्या सगळ्या अशाच. आईला शुगर आहे.

मुलगी पाचवीपासून भरू लागली. आता कोणी भेटलं की पहिलं वाक्य ठरलेलं, 'ही तर बापावर गेली.' दर रविवारी माल उतरून झाला की मी तिला दुकानातल्या काट्यावर उभी करतो आणि आकडा वहीत लिहितो. पोळ्या मोजून देतो. फरसाण, बिस्किटं कुलपात ठेवली. तरी मागच्या महिन्यात गादीखाली रिकामी पाकिटं सापडली. मी खूप बोललो. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, आमच्यासोबत जेवायला बसत नाही, लग्नाकार्याला येत नाही. 'काऊन नाही येत' म्हटलं की रडते.

ओळखीच्या एकाने सांगितलं की थुंकीवरून डीएनए टेस्ट होते. बारा हजार लागतात आणि जीन्सप्रमाणे डाएट मिळतं. करू का? आणि हे माझ्याच रक्तातून गेलं असेल तर मी तिला काय सांगू?

एक बाप, नागपूर

भाऊ,

आधी एक विनंती, बाकीचं सगळं नंतर. येत्या रविवारी तिला काट्यावर उभी करू नका. ज्या काट्यावर तांदळाचे कट्टे चढतात त्यावर, माल उतरवणारी माणसं उभी असताना, चौदा वर्षांची पोर चढते आणि बाप आकडा वाचून वहीत मांडतो. तुम्ही हे काळजीपोटी करता, पत्राच्या ओळीओळीत ते दिसतं. तिला त्यात काळजी दिसत नसणार. तुमच्या वडिलांनाही तुमची काळजीच होती, पण मैदानावर तुम्हाला काय वाटायचं ते तीस वर्षांनंतरही तुम्हाला पत्रात लिहावंसं वाटलं. ती वही तिच्या हातात द्या आणि सांगा, 'हिचं काय करायचं ते तू ठरव.'

आता तुमचा प्रश्न. रक्तातून गेलं का? हो, बरंचसं गेलं. हे मी गोलमोल सांगणार नाही, कारण ते नीट कळलं की तिच्यावरचा तुमचा राग उतरेल.

1986 साली अल्बर्ट स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या 540 दत्तक गेलेल्या माणसांची माहिती तपासली. लहानपणीच दुसऱ्या घरी गेलेली, तिथलंच खाऊन मोठी झालेली ही माणसं. मोठेपणी त्यांची अंगकाठी जुळली ती जन्म देणाऱ्या आईवडिलांशी. ज्यांनी वाढवलं, जेवू घातलं, त्यांच्या अंगकाठीशी तिचा संबंध दिसला नाही. पुढे 1990 मध्ये छापून आलेल्या प्रयोगात कॅनडात क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या 12 जोड्या शंभर दिवस ठेवून घेतल्या आणि त्यातले 84 दिवस प्रत्येकाला रोज 1000 कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या. सगळ्यांना जास्तीचं सारखंच मिळालं, तरी कोणाचं वजन 4.3 किलोने वाढलं तर कोणाचं 13.3 किलोने. त्यातही जुळ्या भावांची वाढ बरीचशी एकमेकांसारखी निघाली. जास्तीचं खाणं सारखं असूनही कोणाचं शरीर किती साठवणार हे वेगवेगळं असतं, आणि त्यात वारशाचा मोठा हात असतो, हे तिथे डोळ्यांसमोर दिसलं.

पण 'बापावर गेली' हा हिशेब चुकीचा आहे, हे तुम्ही नातेवाइकांना खुशाल सांगा. वजनाचं एकच जीन असतं आणि ते बापाकडून पोरीकडे चालत येतं असं नाही. 2007 मध्ये एफटीओ नावाच्या जीनमधला एक फरक सापडला, त्याचा तेव्हा फार गाजावाजा झाला. आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन्ही प्रती ज्यांना मिळाल्या, त्यांचं वजन एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी किती जास्त होतं? साधारण 3 किलो. त्यानंतर वजनाशी जोडलेल्या अशा शेकडो जागा सापडल्या आणि बहुतेकींचा वाटा याहूनही लहान. जसं दुकानात एका गिऱ्हाइकाचं बिल शंभर पुड्यांचं मिळून होतं, तसं हे आहे. त्यातल्या कितीतरी पुड्या बारीक दिसणाऱ्या तुमच्या बायकोकडूनही आल्या असतील. तिच्याकडे त्या आहेत, फक्त तिच्यात त्यांची बेरीज तेवढी मोठी होत नाही. प्रत्येक मुलाला आईकडून निम्मं आणि वडिलांकडून निम्मं मिळतं, पण कोणतं निम्मं, हे दर वेळी नव्याने ठरतं. म्हणून एकाच घरात एक काडी आणि एक भरलेली. यात ना तुमचा गुन्हा आहे, ना तिचा.

इथवरचं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पुढचं सहसा कोणी सांगत नाही, आणि मला तेच तुम्हाला सांगायचं आहे. हा वारसा शरीरात चरबी होऊन येत नाही. तो बहुतेक वेळा भूक होऊन येतो.

1997 मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी मूळ पाकिस्तानी कुटुंबातल्या दोन चुलत-मावस भावंडांबद्दल लिहिलं. आठ वर्षांची मुलगी 86 किलोची आणि दोन वर्षांचा मुलगा 29 किलोचा. दोघांच्याही शरीरात लेप्टिन तयारच होत नव्हतं. लेप्टिन हा चरबीतून निघणारा हार्मोन. 'आता साठा पुरे आहे' हा निरोप तो मेंदूला देतो. तो निरोप न मिळाल्याने त्या मुलांचा मेंदू कायम दुष्काळात असल्यासारखा वागत होता. त्यातल्या मुलीला लेप्टिनचं इंजेक्शन सुरू झालं आणि वर्षभरात तिचं वजन 16 किलोंनी उतरलं. तिला कोणी समजावलं नव्हतं, कोणी पळवलं नव्हतं. तिची भूक शमली, इतकंच.

असा आजार अत्यंत दुर्मिळ आहे आणि तुमच्या मुलीला तो नाही. वजन पाचवीत वाढायला लागलं म्हणता, अशा आजारात ते पहिल्या काही वर्षांतच सुटतं. पण साध्या वारशातही गोष्ट त्याच वाटेने जाते, फक्त मंद आवाजात. एफटीओचा तो फरक असलेली स्कॉटलंडमधली 4 ते 10 वर्षांची मुलं 2008 मध्ये तपासली, तर त्यांचं शरीर ऊर्जा कमी जाळत नव्हतं. समोर ठेवलेल्या अन्नातून ती मुलं जास्त कॅलरीचं अन्न निवडत होती. काही मुलांचं पोट भरल्याचं त्यांना उशिरा कळतं. काहींना फोडणीचा वास आला, पाकीट फाडल्याचा आवाज आला की भूक लागते. तुमचा मुलगा अर्धा समोसा ताटात टाकून उठतो तेव्हा तो मनाचा फार खंबीर असतो असं नाही. त्याची भूक तिथे संपलेली असते. तुमच्या मुलीची संपलेली नसते. तुम्ही दोघांना सारखं वाढता, पण दोघांना लागणारी भूक सारखी नाही.

नागपुरात मी तीस वर्षं मुलांची ओपीडी केली. सुरुवातीची बरीच वर्षं मीही आयांना एकच सांगत होते, 'खाणं कमी करा, पळवा.' त्या मान हलवून जायच्या आणि पुन्हा यायच्या नाहीत. त्या मुलांना मी काय म्हणत होते? की तुझा तोंडावर ताबा नाही. मला आज त्याचं वाईट वाटतं.

तर मग वारसाच आहे म्हणून हातावर हात ठेवून बसायचं का? नाही. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. चार तास पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. पाऊस साऱ्या शहरावर पडला, पण बुडाली ती सखल भागातली घरं. साध्या पावसात त्या घरांची फरशी आणि उंचावरच्या घरांची फरशी सारखीच कोरडी असते, कोणतं घर किती खाली आहे ते तेव्हा कळतसुद्धा नाही. वारसा म्हणजे घराची ही पातळी. ती तुमच्या मुलीला बदलता येणार नाही. पाऊस म्हणजे घरात, रस्त्यावर, शाळेबाहेर येताजाता हाताला लागणारं खाणं, बसून काढलेले तास, तुटलेली झोप.

ही नुसती उपमा नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 2007 मध्ये जन्मलेल्या जुळ्यांचा मोठा अभ्यास चालवला आहे, त्याचं नाव जेमिनी. त्यातल्या चार वर्षांच्या 925 जोड्यांच्या घरी काय खाणं असतं, टीव्ही किती चालतो, खेळायला किती वाव आहे हे विचारलं गेलं. ज्या घरांत वजन वाढायला पूरक गोष्टी जास्त होत्या, तिथे मुलामुलांच्या अंगकाठीतल्या फरकाचा 86 टक्के भाग वारशाशी जोडलेला निघाला. जिथे त्या कमी होत्या, तिथे 39 टक्के. याचा अर्थ एखाद्या मुलीच्या वजनातले 86 टक्के किलो जीन्सचे, असा काढू नका. मुलामुलांत जो फरक पडतो, त्याचं ते माप आहे. घर बदललं की वारशाचं तोंड बरंच बंद होतं, असं मी ते वाचते. आणि पोरीवर पहारा ठेवणं हे घर बदलणं नव्हे.

म्हणून कुलूप काढा. कुलपामागची वस्तू रोजच्यापेक्षा जास्त हवीशी होते, मुलांवर हे तपासून पाहिलेलं आहे. भूक तिची, चावी तुमची, मग पाकिटं गादीखाली जाणारच. ती चोरी नाही. लाज वाटत असताना भूक लागली की माणूस असंच खातं. कुलपाऐवजी एक नियम करा आणि तो घरातल्या प्रत्येकाला लावा, आजीला आणि तुम्हालासुद्धा: दुकानातलं फरसाण, बिस्किटं, चिप्स जिना चढून वर येणार नाहीत. मुलगा काडी आहे म्हणून त्याच्यासाठी वेगळं आणायचं नाही. रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून तर्री पोहा खायला जायचं असेल तर जा, पोटभर खा आणि तिच्या प्लेटकडे बघू नका.

तुम्ही दुकानदार आहात, तर तुमच्याच भाषेत एक हिशेब सांगते. माणशी दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास तेल पुरेसं असतं. घरात पाच माणसं. महिन्याला पावणेचार किलो झालं. म्हणजे 15 किलोचा पिपा घरात चार महिने पुरायला हवा. तुमच्या वरच्या स्वयंपाकघरात तो किती दिवसांत संपतो? हा आकडा वहीत लिहा, तो लिहिण्यासारखा आहे. तसंच कोल्ड ड्रिंकचं. 300 मिलिलिटरच्या बाटलीत सहा-सात चमचे साखर असते आणि त्याने पोट भरत नाही. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये बाटल्यांऐवजी ताक ठेवा, माठात पाणी ठेवा. पन्हं करायचं तर गूळ हात राखून घाला.

ताटाबद्दल थोडं. ज्यांना पोट भरल्याचं उशिरा कळतं, त्यांना पोळ्या मोजून देणं ही शिक्षा होते. त्यापेक्षा पोट धरून ठेवणारं आधी वाढा: घट्ट वरण, अंबाडीची किंवा चवळीची भाजी, काकडी-मुळा, अंडं चालत असेल तर अंडं, आणि सोबत ज्वारीची भाकर. हे सगळ्यांच्या ताटात. तिच्या एकटीच्या ताटात उकडलेलं आणि भावाच्या ताटात आलूबोंडा, असं एकदाही होऊ देऊ नका. सकाळी ती न खाता शाळेत जात असेल, आणि लपून खाणारी बरीच मुलं तसं करतात, तर आधी ते थांबवा. दिवसभर उपाशी राहिलेली मुलगी क्लासवरून संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्यात आणि पाकिटात कोणीच उभं राहू शकत नाही.

आणि काडी मुलगा सुरक्षित आहे, हेही मनातून काढा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर ब्रिटिश डॉक्टरांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्याकडची कितीतरी बाळं जन्मतः हडकुळी दिसतात, तरी अंगात चरबी बाळगून असतात, हे त्यांनीच पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांच्या अभ्यासातून दाखवलं. ज्या घरात आजीला शुगर आहे, त्या घरात बारीक नातवानेही चिप्सवर वाढू नये. घराचा नियम सगळ्यांसाठी असायचं हे खरं कारण आहे, मुलीचं मन राखणं एवढंच ते नाही.

पळवण्याबद्दल. मैदानावर चकरा नकोत, तुम्हाला कारण ठाऊक आहे. दोन लाखांहून जास्त मोठ्या माणसांच्या माहितीवरून 2011 मध्ये दिसलं की अंग हलवत राहणाऱ्यांमध्ये एफटीओच्या त्या फरकाचा लठ्ठपणावरचा परिणाम सुमारे 27 टक्क्यांनी कमी असतो. मुलांमध्ये मात्र तसा स्पष्ट परिणाम दिसला नाही, म्हणून 'चाल, बारीक होशील' असं वचन तिला देऊ नका. वजन नाही हललं तरी हालचालीने शुगर ताब्यात राहते, झोप लागते, मन हलकं होतं. तिला विचारा काय आवडतं. सायकल असेल, बॅडमिंटन असेल, नाच असेल. संध्याकाळी दुकान पोराबाळांच्या हाती सोडता येत नसेल तर सकाळी सहाला अंबाझरीला किंवा फुटाळ्यावर दोघं चालायला जा. एप्रिल-मे मध्ये उन्हं चढायच्या आत परत या. बोलणं नाही झालं तरी चालेल. आणि रात्री दहा-साडेदहाला घरातले सगळे फोन एका जागी ठेवा. चौदा वर्षांच्या मुलीला आठ ते दहा तास झोप लागते. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते.

आता त्या बारा हजारांच्या टेस्टचं. करू नका. ती तुम्हाला सांगेल की तिच्यात वजन वाढण्याकडे कल आहे. ते तर तुमचे नातेवाईक फुकट सांगतात. एफटीओची जोडी निघाली तरी तिचा खुलासा 3 किलोंचा. हजारो-लाखो फरकांची बेरीज करणारे नवे गुणांक आहेत, पण ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या माणसांच्या माहितीवरून बांधलेले आहेत आणि आपल्यावर तितके नेमके बसत नाहीत. 'जीन्सप्रमाणे डाएट' हा भाग तर पडताळून पाहिला गेला आहे. 2018 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात स्टॅनफर्ड विद्यापीठाने 609 जणांना वर्षभर कमी चरबीचं किंवा कमी पिठूळ-साखरेचं खायला सांगितलं आणि ज्याच्या जीन्सला जे 'जुळतं' म्हणत होते ते मिळाल्याने वजन जास्त उतरतं का ते पाहिलं. उतरलं नाही. दोन्ही गटांत सरासरी पाच-सहा किलो कमी झालं, जीन्स काहीही असोत.

जीन्सची तपासणी खरंच लागते ती वेगळ्या मुलांना. पाच वर्षांच्या आत वजन अतोनात वाढलेलं, भूक कशानेच न थांबणारी, उंची खुंटलेली किंवा शिकायला-बोलायला उशीर झालेला. अशा मुलांत एमसी4आर सारख्या एकाच जीनमधला मोठा बिघाड सापडू शकतो आणि त्यासाठी मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांनी सांगितलेली तपासणी करायची असते. थुंकीचं पाकीट कुरिअरने पाठवून ते काम होत नाही.

त्याच पैशात, खरं तर त्यातल्या थोड्याच पैशात, तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. मेडिकलला किंवा एम्सला बालरोग विभाग आहे, तुमचे नेहमीचे डॉक्टर असतील तर तेही चालतील. तिचा बीएमआय 28 च्या पुढे जातो. भारतीय मुलींच्या तक्त्यावर या वयाला ती लठ्ठपणाच्या रेषेच्या वर आहे, म्हणून तपासणी टाळू नका. तिच्या मानेवर मागच्या बाजूला, काखेत कातडी काळी आणि मखमलीसारखी जाड झाली आहे का बघा. आई ते मळ समजून घासते, पण तो मळ नसतो. शरीरातलं इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याची ती खूण असते. रक्तदाब, उपाशीपोटी शुगर आणि तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर, रक्तातली चरबी, यकृताची तपासणी हे व्हायला हवं. पाळी नियमित आहे का, झोपेत घोरते का, हे तिच्या आईने तिला एकटीला विचारावं. थायरॉइडवर खापर फोडायची सवय आहे आपल्याला. पण उंची वयाप्रमाणे वाढत असेल, आणि 154 ही या वयाला चांगली उंची आहे, तर एवढ्या वजनाचं कारण थायरॉइड क्वचितच असतं.

वजनाचं लक्ष्य किती ठेवायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. पहिले सहा महिने ते आहे तिथे थांबलं तरी मी त्याला यश म्हणेन. वजन पाहायचं तर डॉक्टरांकडे, बंद खोलीत, तीन महिन्यांनी एकदा. महिन्यात दहा किलो उतरवणाऱ्यांच्या आणि इंजेक्शन विकणाऱ्यांच्या दारात तिला नेऊ नका. औषधाची गरज पडलीच तर ते तज्ज्ञ ठरवतील.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध राहा. ती जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाते का, उलट्या काढते का, दिवसच्या दिवस काही खात नाही आणि मग एकदम खूप खाते का, आपल्या शरीराबद्दल किंवा जगण्याबद्दल टोकाचं बोलते का? यातलं काही दिसलं तर वजनाचा विषय पूर्ण बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. वजनावरून घरच्यांनी चिडवलेल्या, टोचून बोललेल्या मुलांचं वजन पुढे कमी न होता वाढतच जातं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून नातेवाइकांना आवरणं हा तुमच्याकडचा उपचाराचा भाग समजा. पुढच्या लग्नात कोणी 'बापावर गेली' म्हणालं की तिच्यासमोरच म्हणा, 'हो, अन् बापाला तिचा अभिमान आहे. दुसरं काही बोला.' एकदा आवाज चढला तरी चालेल.

आणि तिला काय सांगायचं? जीन्सचं शास्त्र पहिल्या दिवशी नको. तुम्ही तिला मैदानाची गोष्ट सांगा. तिला ती ठाऊक नसणार, बाप अशा गोष्टी पोरींना सांगत नाहीत. तुम्हाला ढब्बू म्हणायचे ते सांगा. आजोबा ओरडायचे तेव्हा काय वाटायचं ते सांगा, आणि नंतर सांगा की मी पण तुझ्याशी तेच करून राहिलो होतो, मला माफ कर. तुला भूक जास्त लागते हा तुझा दोष नाही, मलाही लागायची, अजूनही लागते, पण आता आपण घर बदलून पाहू. एवढं पुरे. ती उत्तर देणार नाही कदाचित. उठून आत जाईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच विषय काढू नका.

तपासणीला नेताना एकटीला नेऊ नका. तुम्ही 44 वर्षांचे, आईला शुगर, तुमची तपासणी कधी झाली ते पत्रात कुठे नाही. दोघं उपाशीपोटी जा. रक्त घ्यायला बोलावलं की खुर्चीत आधी तुम्ही बसा, हात पुढे करा. तिला शेजारी उभी राहून बघू द्या.